तीनशे मीटर

शनिवारी रात्री येतात हे लोक. हुबळी, सुरत, बंगळूर,
यंदा तर एक जोडपं शिलाँगचं.
लॉजवाल्याला विचारतात, पहाटे तीनला केळी मिळतील का?
तो म्हणतो, केळ्यांचं काय घेऊन बसलाय, धारोष्ण दूध मिळंल.
ते हसतात, चेष्टा समजून.

चेष्टा नसते.
ही शर्यत जन्मलीच दुधाच्या कट्ट्यावर,
गंगावेशीत म्हशी पिळून चालल्या असताना.
दोन तालमींत जुंपली होती,
वाघबिळापर्यंत पळत जाऊन पळत परत कोण येतो म्हणून.
पैज पाच लिटर दुधाची,
शिवाय हरणाऱ्यानं वर्षभर गप्प बसायचं.
(ही दुसरी अट आमच्या गावात अजून कुणी पाळलेली नाही.)

अंतर मोजलं माझ्या वडलांनी, गुंडू मास्तरांनी.
सायकलच्या चाकाला लाल फडकं बांधलं
आणि फेरे मोजत निघाले तोंडातल्या तोंडात.
केर्लीपाशी कुणीतरी म्हणालं, नमस्कार मास्तर.
नमस्कार, म्हणाले,
आणि आकडा गेला.
पुढचं अंदाजानं.
बेचाळीस भरेनात, तेव्हा रंकाळ्याला दोन वेढे.

अकरा निघाले, चौघं आले.
एकजण वडणग्यात मिसळ खायला टेकला,
तो पुढं त्याच घरचा जावई झाला.

तेव्हापासून वही माझ्याकडं.
नंबर, नाव, गाव, वेळ.
लोक विचारतात, काय आहे हो तुमच्या शर्यतीत?
चढ आहे, म्हणते. धुकं आहे.
गुऱ्हाळाचा वास पोटात कालवतो तिसाव्या किलोमीटरला.
दारादारात बादल्या घेऊन बायका उभ्या असतात,
नाव माहीत नसलेल्या माणसाला ओरडतात,
"मार की रं! थांबलास तर बघ!"
आणि शेवटी मेडल नाही,
मल्लाप्पा बसलेला असतो कागद आणि पेन्सिल घेऊन,
पायाचं माप घ्यायला. कापशी चप्पल, ज्याच्या त्याच्या मापाची.
पण सुजलेल्या पायाचं माप तो घेत नाही.
"दोन दिसांनी या."
मग ते दोन दिवस राहतात,
जिना उलटे उतरतात, तांबडा पितात, पांढरा पितात,
आणि करकर वाजवत परत जातात आपापल्या गावी.
पुढच्या वर्षी भावाला घेऊन येतात.

दहाव्या वर्षी पुण्याहून एक माणूस आला, मोजायचं यंत्र घेऊन.
दोनदा मोजलं त्यानं. चहा घेतला नाही.
म्हणाला, तीनशे मीटर कमी आहे.
नऊ वर्षांची माझी वही
एका चहाच्या नकारात खोटी झाली.
वडील त्या रात्री जेवले नाहीत.

सोमवारी पहाटे दारात बाळगोंडा मगदूम.
नऊच्या नऊ वर्षं पळालेला, वय एकसष्ट, लेंगा वर खोचलेला.
"ताई, घड्याळ घ्या. वही घ्या.
नऊ तिरकं सत्तावीस. सत्तावीसशे मीटर देणं निघतंय माझं.
उधारी ठेवून मरायचं न्हाई."

रंकाळ्याच्या काठावर मी खडूची रेघ मारली, दुसरी मारली.
तो पळायचा, थांबायचा,
मी त्या त्या वर्षापुढं मिनिटं-सेकंद वाढवून लिहायची.
पाचव्या खेपेला वडील कट्ट्यावरून उठले
आणि धोतराचा सोगा धरून त्याच्या मागं चालू लागले,
पावलं मोजत.

उजाडलं तशी फिरायला माणसं आली.
नमस्कार मास्तर, म्हणाली.
नमस्कार हो मास्तर.

वडलांनी मान वर केली नाही.